विहीर, गोठा, माळवद: मोजणीच्या दिवशी काय लिहून घ्यायचं

बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली. आता सिन्नर, निफाड, संगमनेर या पट्ट्यात शेतातल्या बांधकामांची मूल्यांकनं करून देतो. येणारा प्रत्येक जण आधी दर विचारतो. दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतून येतो आणि शेजाऱ्याला लागतो तोच तुम्हालाही लागतो, त्यावर डोकं खपवू नका. पैसे वाढतात किंवा बुडतात ते मापात. पंचनाम्यात "विहीर १, शेड १" एवढंच उतरलं, तर पुढे कितीही चांगला वकील लावा, त्यातून फारसं काही निघत नाही.

मोजायच्या आधी एक ठरवा: किंमत कशासाठी काढायची आहे? वाटणीसाठी, बँकेसाठी की भूसंपादनासाठी? तिन्हीकडे आकडा वेगळा येतो आणि तिन्ही आकडे खरे असतात. बँक बघते की हे उद्या विकलं तर काय येईल. आपल्याकडे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणजे गिऱ्हाईक मुळातच मोजकं. त्यात रस्ता नसलेल्या गटात बांधलेल्या दहा लाखांच्या गोठ्याचे दहा लाख कोणी देत नाही. वाटणीत खर्च किती झाला याला महत्त्व नाही, वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे याला आहे. विहिरीचे पैसे लावत बसण्यापेक्षा निम्मा हिस्सा, पाण्याच्या पाळ्या आणि विहिरीपर्यंतची वाट दस्तात लिहिली, तर पुढची दोन पिढ्यांची भांडणं वाचतात. वाटणीवर मी याहून जास्त बोलत नाही, कारण तिथे अभियंत्यापेक्षा थोरली आत्या जास्त कामाची.

भूसंपादनाचा हिशेब मात्र समजून घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावाला गुणक लागतो, म्हणजे तो ठरलेल्या आकड्यानं गुणतात. घर, विहीर, झाडं यांची किंमत त्यात नुसती मिळवतात, तिला गुणक नाही. पण या सगळ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच पैसे वरून आणखी, मिळते. म्हणजे मोजणीत सुटलेली एक लाखाची पाइपलाइन तुम्हाला दोन लाखांना पडते. कलम २९ प्रमाणे बांधकामांसाठी जाणकार अभियंत्याची आणि झाडांसाठी शेती, फळबाग, वनीकरण यांतल्या अनुभवी माणसांची मदत घेता येते. म्हणून एकाच दिवशी सगळं उरकतंय असं धरून बसू नका. कोण काय मोजणार आणि कधी येणार, हे आधी विचारून ठेवा.

विहीर

सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात. माणसं आतला व्यास आणि खोली सांगून मोकळी होतात. समजा आतून ८ मीटर व्यासाची, १५ मीटर खोल विहीर आहे आणि वरच्या ६ मीटरला ४५ सेंटीमीटर जाडीचं दगडी बांधकाम आहे. आतल्या व्यासानं खोदाई धरली तर ती ७५४ घनमीटर भरते. पण बांधकाम बसवायला वरचा भाग ८.९ मीटर व्यासाचा खोदावा लागला होता. तो हिशेब धरला की खोदाई ८२६ घनमीटर होते. वरचे ७२ घनमीटर खोदाईत एकदा आणि बांधकामात पुन्हा एकदा धरायचे. यात लबाडी काही नाही: तेवढं खणलं, नंतर तेवढंच बांधलं.

दुसरी गोष्ट थर. माती, मुरूम, मऊ खडक आणि काळा पाषाण, प्रत्येकाचा दर निराळा. जितकं खोल जाल तितका माल वर काढायचा खर्चही वाढतो. बांधकामाच्या खालच्या उघड्या कडेवर हे थर स्वच्छ दिसतात, पण पाणी असेल तर दिसत नाहीत. पावसाळ्यात मोजणी लागली तर आदल्या रात्री मोटार लावून उपसा करा. उपसा होत नसेल तर उन्हाळ्यातच फीत सोडून फोटो काढून ठेवा. खोलीसाठी दोरीला लोखंडी वजन बांधायचं, दगड नको, तो पाण्यात घसरतो. गाळ साचला असेल तर खोली गाळाच्या वरून मोजली की खालून, हे पंचनाम्यात लिहायला लावा.

आडवे बोअर कोणाच्याच लक्षात येत नाहीत. विहिरीच्या पोटात, पाण्याखाली असतात, दिसणार कसे? किती मारले, कोणत्या दिशेला आणि किती फूट, हे मशीनवाल्याच्या बिलावर असतं. ते बिल जपा. जुनी मोटेची विहीर असेल आणि थारोळं (मोटेचं पाणी पडायची कुंडी), धावेच्या (बैलांच्या उताराच्या वाटेच्या) भिंती घडीव दगडात असतील, तर त्यांचं माप वेगळं घ्यायला सांगा. घडीव दगडाला साध्या बांधकामाचा दर लावून चालत नाही.

गोठा आणि शेड

जोत्याचं क्षेत्रफळ बाहेरून मोजतात, पत्र्याचे बाहेर आलेले पाखे त्यात येत नाहीत. यावरून साहेबाशी वाद घालू नका, वाद घालण्यासारखं बाकी पुष्कळ आहे. गव्हाण किती मीटर लांब, पाण्याची टाकी केवढी, मूत्राची नाली, शेणखड्डा, जमिनीला कोबा की फरशी, पत्रा कोणता, खांब पाइपचे की सागाचे. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत यायला हवी.

घसाऱ्याचं, म्हणजे वयामुळे किंमत किती उतरते याचं, साधं गणित असं. ७२ चौरस मीटरचा गोठा आज नव्यानं बांधायला समजा ५,००० रुपये चौरस मीटर लागतील, म्हणजे ३,६०,००० रुपये. गोठ्याचं वय १२ वर्षं, एकूण आयुष्य ३० वर्षं धरलं. शेवटी भंगाराचे १० टक्के उरणार, म्हणून घसारा उरलेल्या ९० टक्क्यांवर: ९० गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे ३६ टक्के. राहिले २,३०,४०० रुपये. यातला दर मी उदाहरणाला घेतलाय, तुमच्या गोठ्याचा नव्हे. रेडी रेकनरमध्येही (सरकारच्या वार्षिक दरतक्त्यात) बांधकामाचे दर छापलेले असतात. ते मुद्रांक शुल्कासाठी आहेत, तुमच्या गोठ्याची खरी किंमत त्यावरून ठरवू नका.

माळवद

माळवद म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर. माझा सगळ्यात जास्त जीव यात अडकतो. दगड-मातीच्या भिंती दिसल्या की कागदावर "कच्चे बांधकाम" असा शेरा पडतो आणि घर कवडीमोल होतं. अहो, पण आत बघा! सागाचे खांब, तुळया, कडीपाट (छताच्या कड्या आणि फळ्या). सहा खणांच्या माळवदात २० बाय २५ सेंटीमीटरची, ३ मीटर लांबीची एक तुळई म्हणजे ०.१५ घनमीटर लाकूड. अशा सहा तुळया धरा, ०.९ घनमीटर. १५ बाय १५ चा, २.४ मीटर उंचीचा एक खांब ०.०५४, असे दहा म्हणजे ०.५४ घनमीटर. कडीपाट अजून मोजलेलाच नाही. जुन्या सागाचा बाजारातला भाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून भिंत वेगळी, लाकूड वेगळं, दगडी जोतं वेगळं, अशी तीन मापं लिहून घ्या. लाकडाची जात लिहायला विसरू नका. नुसतं "लाकडी छत" लिहिलं तर साग आणि बाभूळ एकाच भावात जातात.

वयाचा घोळ इथेच होतो. घर ७० वर्षांचं, आणि घसाऱ्याच्या तक्त्यात अशा घराचं आयुष्य त्याहून कमी. वरचं गणित तसंच केलं तर उरतात भंगाराचे १० टक्के. पण घरात माणसं राहताहेत, छत गळत नाही, तुळईला वाळवी नाही. अशा वेळी अभियंत्याला पुढचं आयुष्य ठरवायला सांगायचं. त्यानं २० वर्षं ठरवलं, तर एकूण आयुष्य ९० होतं, घसारा ७० टक्के आणि शिल्लक ३० टक्के. एका ओळीनं किंमत तिप्पट होते. त्यासाठी तुळईला टोचून दाखवा, माळवदाची कोरडी माती दाखवा. नुसतं "घर मजबूत आहे" म्हणून कोणी ऐकत नाही.

घराचा काही भागच जात असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. २०१३ च्या कायद्यात कलम ९४ आहे: घराचा तुकडा घेताना मालक "घ्यायचं तर पूर्ण घ्या" असं म्हणू शकतो. ओसरी जाऊन माजघर उरणार असेल, तर तसा अर्ज वेळेत द्या.

शेततळं, कांदाचाळ, पाइपलाइन

३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल शेततळ्याची खोदाई २,७०० घनमीटर सांगाल तर अभियंता हसेल, कारण कडा तिरप्या असतात. १ ला १ उतार धरला तर तळ २४ बाय २४ चा होतो आणि खोदाई २,१९६ घनमीटर भरते. तळ आणि उतार मिळून अस्तराचा प्लास्टिक कागद साधारण १,०३४ चौरस मीटर लागतो, वर चरात दाबलेला निराळा. कागदाचं आयुष्य खोदाईइतकं नसतं, म्हणून दोन्हींची किंमत वेगळी काढायची.

कांदाचाळीचं छप्पर मोजू नका, कप्पे मोजा. ४ फूट रुंदीचे दोन कप्पे, ४० फूट लांब आणि ५ फूट थर, म्हणजे साधारण २५ टनांची चाळ. अनुदान घेतलं म्हणून किंमत कमी होईल या भीतीनं कोणी फाइल लपवतं. उलट ती फाइल बाहेर काढा. त्यात मापं, फोटो, तारीख सगळं असतं आणि चाळीचं वय त्यावरूनच सिद्ध होतं.

जमिनीखालच्या पाइपलाइनसाठी दोन टोकांना आणि वळणावर हातभर खड्डे आधीच खणून ठेवा. पाइपवर छापलेला व्यास आणि दाब दिसला पाहिजे, तिथे फीत लावून फोटो काढा. बिल हरवलं असेल तर सातबाऱ्याचे जुने फेरफार काढा. सोसायटीचं कर्ज घेऊन पाइपलाइन केली असेल तर बोजाची नोंद सापडते, कर्ज फिटलं तरी फेरफार राहतोच. विहिरीची नोंद गाव नमुना बारामध्ये सिंचनाच्या साधनात आहे का, तेही तलाठ्याकडे बघून घ्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून "तलाठीआप्पा" म्हटल्याशिवाय काम हलत नाही.

झाडांना चुन्यानं नंबर टाका, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर लिहा, फळझाडांचं वय लिहा. बाकी कृषी आणि वन खात्याची माणसं बघतील.

सही करताना

पंचनामा वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि कोरी जागा राहिली असेल तर तिथे रेघ मारून घ्यायची. एखादी वस्तू राहिली असं वाटलं तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: "गट नंबर अमुकमधील पाइपलाइन मोजलेली नाही, हरकत आहे." त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्या. विहीर एका बाजूला आणि उरलेलं रान रस्त्याच्या पलीकडे जात असेल तर तेही अर्जात लिहा. जमीन तुटल्यानं होणारं नुकसान कलम २८ मध्ये धरता येतं.

निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, २०१३ च्या कायद्याखाली झाला आणि आकडा पटला नाही, तर कलम ६४ खाली अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या तारखेपासून ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतलं जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात वाट वेगळी आहे, तिथे लवादाकडे जावं लागतं. पैसे उचलायला हरकत नाही, पण पावतीवर "हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारली" असं लिहूनच उचला. ते न लिहिता पैसे घेतले तर कलम ६४ चा अर्ज चालत नाही. अर्जासोबत मोजणीच्या दिवशीचे फोटो, बिलं, फेरफार आणि तुमच्या मापांचा तक्ता जोडा. तक्त्यात सरकारी माप एका रकान्यात, तुमचं शेजारच्या रकान्यात आणि फरक तिसऱ्यात.