खिशातला सॅटेलाइट रेडिओ मध्येच गप्प का होतो? या चुका टाळा

ईबेवर किंवा गॅरेज सेलमध्ये डेल्फीचा मायफाय, पायोनियरचा इनो, सॅमसंगचा हेलिक्स नाहीतर सिरियसचा स्टिलेटो स्वस्तात दिसला की अमेरिकेतल्या आपल्यातल्या बऱ्याच गॅजेटवेड्यांचे हात शिवशिवतात. एक्सएम आणि सिरियस या तिथल्या दोन सॅटेलाइट रेडिओ सेवा, पूर्वी वेगळ्या, आता एकाच कंपनीच्या; यातले पहिले तीन सेट एक्सएमचे. सेट घरी येतो, चार्ज होतो, सबस्क्रिप्शन चालू होतं, आणि पहिल्याच वॉकला दर दोन मिनिटांनी आवाज गायब. मग 'माल खराब निघाला' म्हणून विकणाऱ्याशी भांडण. बहुतेक वेळा सेट धडधाकट असतो. खोक्यावर पोर्टेबल लिहिलेलं असतं तेही खोटं नसतं, फक्त त्याचा अर्थ 'सेट हलवता येतो' एवढाच आहे, सिग्नल तुमच्यामागे हलत येईल असं कुणी कबूल केलेलं नसतं.

खिशात ठेवून लाइव्ह ऐकणं

सगळ्यात कॉमन चूक हीच. यावर ठरलेला प्रश्न येतो, की फोनचं जीपीएस खिशात चालतं मग हे का नाही, तेही सॅटेलाइटच की. अहो, जीपीएसचा उपग्रह सेकंदाला जेमतेम 50 बिट्स माहिती पाठवतो, आकाशात एका वेळी असे बरेच उपग्रह असतात, आणि मधले दोन सेकंद काही मिळालं नाही तर फोन अंदाजाने वेळ मारून नेतो. रेडिओला मात्र शंभरेक चॅनेलचा अख्खा प्रवाह न तुटता हवा असतो, तोही 35,786 किलोमीटरवरून आणि एकदोन उपग्रहांच्या जिवावर. वर हे सगळं 2320 ते 2345 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या फ्रिक्वेन्सीला पाणी अजिबात सोसत नाही. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे पँटच्या खिशात सेट ठेवला की अर्धं आकाश तुमच्याच मांडीने झाकलं.

कंपन्यांना हे माहीत होतं. 2004 साली मायफाय आला तेव्हा त्यात आतली अँटेना होतीच, तरी सोबत कपड्याला अडकवायची वेगळी क्लिपवाली अँटेना दिली होती. स्टिलेटोवाल्यांनी तर अँटेना हेडफोनच्या डोक्यावरच्या पट्टीत घातली, दिसायला विनोदी पण कल्पना बरोबर होती, कारण माणसाच्या अंगावर आकाशाकडे उघडी अशी जागा डोकं आणि खांदे एवढीच. जुना सेट घेताना या दोन गोष्टी सोबत आहेत का ते आधी विचारा, नुसता सेट दहा डॉलर स्वस्त मिळतोय म्हणून उडी मारू नका. हा हेडफोन नंतर सुटा शोधत बसावं लागतं, आणि साधा हेडफोन लावला तर गाणं ऐकू येईल पण अँटेनाचं काम तो करणार नाही.

हातात धरूनच ऐकायचं असेल तर इनोसारख्या सेटचं वरचं टोक मुठीत येऊ देऊ नका. अँटेना तिथे आहे, आणि पकडायला सोयीची जागाही नेमकी तीच. बोटं तिच्यावर आली की सिग्नल अडतोच, शिवाय अँटेनाचं ट्यूनिंगही सरकतं.

दिशा न बघता 'आकाश तर मोकळं आहे' म्हणणं

डोक्यावर निळं आकाश दिसतंय म्हणजे काम झालं असं नाही. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर साधारण 85 आणि 115 अंश पश्चिमेला उभे असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पाहिलं तर एक दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून 42 अंशांच्या आसपास, आणि दुसरा थेट नैऋत्येला फक्त 27-28 अंशांवर, म्हणजे शेजाऱ्याच्या छपराने सहज झाकला जाईल इतका खाली. बे एरियात उलटं, सॅन होजेहून चांगला उपग्रह जवळपास दक्षिणेला 46 अंशांवर आणि कमजोर बाजू आग्नेयेकडची. थोडक्यात जर्सीवाल्याने दक्षिण ते नैऋत्य आणि कॅलिफोर्नियावाल्याने दक्षिण ते आग्नेय एवढा पट्टा मोकळा आहे का ते बघायचं, बाकी उत्तरेला काय आहे त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

यातूनच एक गंमत होते. तळ्याभोवती किंवा मैदानाला चक्कर मारताना आवाज नेहमी त्याच अर्ध्या भागात तुटतो आणि माणूस म्हणतो तिकडे टॉवर-बिवर असेल काहीतरी. सेट छातीशी असेल तर उत्तरेकडे तोंड करून चालताना तुमची स्वतःचीच पाठ आडवी येते! सेट खांद्यावर घ्या, निम्मी कटकट तिथेच संपते.

सिरियसच्या जुन्या सेटवाल्यांसाठी एक खास सावधगिरी. सिरियसचे पहिले तीन उपग्रह 2000 साली सोडले ते स्थिर नव्हते, लांबुळक्या कक्षेत फिरत उत्तर अमेरिकेच्या पार डोक्यावर यायचे, म्हणून त्या काळच्या मॅन्युअलमध्ये अँटेना उत्तरेकडे वळवायचे नकाशे सापडतात. ते उपग्रह केव्हाच निवृत्त झाले, आता सिरियसचेही उपग्रह दक्षिणेलाच स्थिर आहेत. मॅन्युअलची पीडीएफ उघडून त्याबरहुकूम उत्तरेच्या खिडकीत अँटेना मांडणारे अजून भेटतात, आणि मॅन्युअल दाखवून वाद घालतात तो वेगळाच.

झाडांना हलक्यात घेणं

शिकागो किंवा मॅनहॅटनच्या उंच इमारतींमध्ये रेडिओ वाजतो आणि घराजवळच्या शांत, झाडांच्या गल्लीत वाजत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. कारण सोपं आहे. मोठ्या शहरांत कंपनीने जमिनीवर रिपीटर, म्हणजे तेच कार्यक्रम जवळून पुन्हा पाठवणारे ट्रान्समीटर, बसवलेत, एक्सएमने तर सुरुवातीच्या काळातच शेकड्यांनी बसवले होते, सिरियसचे त्या मानाने कमी. डाउनटाउनमध्ये तुम्ही मुळात उपग्रह ऐकतच नसता, कुठल्यातरी गच्चीवरचा रिपीटर ऐकत असता. उपनगरात तो नसतो, तिथे तुम्ही आणि आकाश, आणि मधे ओकची झाडं.

पानांत पाणी असतं, पाऊस पडून गेल्यावर तर वरूनही असतं. जानेवारीत ज्या रस्त्यावर खडखडीत वाजायचं तिथे मे महिन्यात पानं फुटली की बोंब. सेट तोच, अँटेना तीच, माणूस मात्र रीसेट मारत बसतो. बऱ्याच एक्सएम सेटमध्ये सिग्नलच्या दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात, एक उपग्रहाची आणि एक जमिनीवरच्या रिपीटरची, मेन्यूत अँटेनाचा स्क्रीन उघडा म्हणजे सापडेल. तक्रार करण्याआधी त्या बघा, कुठली पट्टी पडलीये त्यावरून निम्मं निदान होतं. दोन्ही पट्ट्या बऱ्या असून एका ठराविक चौकात हमखास तुटत असेल तर जवळ मोबाइल टॉवर आहे का पाहा, कारण या रेडिओच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून वायरलेस ब्रॉडबँडच्या फ्रिक्वेन्सी आहेत आणि टॉवरच्या अगदी जवळ बिचारा सेट दडपून जातो. त्यावर उपाय एकच, चार पावलं पुढे चला.

घरात 'खिडकीत ठेवलाय की' म्हणून थांबणं

खिडकी दक्षिणेची हवी हे आता वेगळं सांगत नाही. पण दक्षिणेची असूनही चालत नसेल तर काचेवर संशय घ्या. नवीन घरांत उष्णता अडवणारी काच असते, तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, डोळ्याला दिसत नाही पण रेडिओला भिंतीसारखा अडवतो. बाहेरून डासांची ॲल्युमिनियमची जाळी असेल तर ती आणखी त्रास देते. चाचणी सोपी आहे, काच आणि जाळी दोन्ही पूर्ण उघडून बघा. पट्टी टुणकन वर गेली तर दोषी सापडला.

गाडीची छोटी चुंबकवाली अँटेना घरात वापरत असाल तर ती लाकडी टेबलावर नुसती ठेवू नका. तिला खाली धातूचा पत्रा हवा असतो, गाडीचं छप्पर ते काम करतं. घरात आपली स्टीलची ताटली उपडी घालून तिच्यावर मधोमध अँटेना ठेवा. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, त्याने बिघडत नाही, चिकटण्याशी सिग्नलचा संबंध नाही. फक्त वाऱ्याने पडणार नाही एवढं बघा.

आणि अँटेना फिरवताना घाई नको, प्लीज. एक्सएमचा एक उपग्रह तोच कार्यक्रम दुसऱ्यापेक्षा काही सेकंद उशिरा पाठवतो, मुद्दाम, म्हणजे पुलाखालून जाताना एकाचं निसटलं तरी दुसऱ्याकडून भरून काढता येतं. गाडीत हे वरदान, पण अँटेना लावताना फसवतं. तुम्ही ती चुकीच्या दिशेला वळवता तरी गाणं चालूच राहतं, तुम्हाला वाटतं जमलं, आणि हात काढून खुर्चीत बसेपर्यंत गप्प. थोडं वळवा, दहा सेकंद थांबा, पट्टी बघा, मग पुढचं.

स्क्रीनवरचा मेसेज न वाचणं

'नो सिग्नल' आणि 'चेक अँटेना' हे दोन वेगळे आजार आहेत. नो सिग्नल म्हणजे अँटेना जोडलेली आहे पण तिला आकाश दिसत नाहीये, तेव्हा जागा बदला. चेक अँटेना किंवा सिरियसवर अँटेना डिटेक्ट होत नाही असं काही आलं तर भानगड वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे, मग तुम्ही सेट घेऊन डोंगरावर गेलात तरी फरक पडणार नाही. मधली पिन वाकलीये का, वायर दारात चेपली गेलीये का, हे आधी. जास्तीची वायर कापून छोटी करायचा मोह आवरा, गुंडाळून ठेवा. अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच वायरमधून जाते, त्यामुळे टीव्हीच्या केबलचा मिळेल तो स्प्लिटर मधे घालून दोन सेट चालवायचे प्रयोगही फसतात.

विकत घेताना नाव बघून फसणं

हातात मावतो म्हणजे हातात लाइव्ह वाजतो असं नाही. सिरियसचा एस50 आणि सॅमसंगचा नेक्सस डॉकमध्ये, म्हणजे अँटेना आणि वीज जोडलेल्या बैठकीत, असतानाच लाइव्ह पकडतात, बाहेर फक्त रेकॉर्ड केलेलं वाजवतात. बिघाड नाही, बनवलेच तसे आहेत. विकणाऱ्याला शून्य नंबरचा चॅनेल लावून स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगा, तिथे रेडिओचा आयडी दिसतो, तो घेऊन कंपनीला विचारा की हा सेट अजून चालू करून मिळतो का, पैसे त्यानंतर. एक्सएमच्या आयडीत ओ हे अक्षर नसतंच, दिसतंय ते शून्य. आणि ॲक्टिव्हेशन करताना सेट उघड्यावर चालू ठेवा, चालू करण्याचा हुकूमही उपग्रहाकडूनच येतो, तळघरात बसून कस्टमर केअरला फोन लावून तो मिळत नाही.

सुट्टीला भारतात जाताना कुणाला भेट म्हणून हा सेट न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. पुण्याहून हे उपग्रह पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला आहेत, कितीही मोठी अँटेना लावा. आपल्याकडे वर्ल्डस्पेस नावाची सॅटेलाइट रेडिओ सेवा होती, तिचा एशियास्टार उपग्रह 105 अंश पूर्वेला, पुण्याहून पूर्व-आग्नेय दिशेला जवळपास 48 अंश वर. चौकोनी चपटी अँटेना गॅलरीत त्या बाजूला टेकवली की गंधर्व चॅनेलवर शास्त्रीय संगीत असं स्वच्छ यायचं की बास. ती सेवा भारतात 31 डिसेंबर 2009 ला बंद झाली. जुन्या बाजारात तो सेट अजून कुठे दिसला तर शोभेला घ्या, ऐकायला नको.

लाइव्हचाच हट्ट धरणं

माझं मत विचाराल तर चालता-फिरता ऐकायला या सेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट रेकॉर्डिंग आहे, आणि तीच लोक वापरत नाहीत. इनो आणि हेलिक्समध्ये 50 तासांपर्यंत साठतं. रात्री सेट डॉकमध्ये, अँटेना दक्षिणेच्या खिडकीत, आवडत्या कार्यक्रमाची वेळ लावून ठेवा, सकाळी उचला आणि खुशाल खिशात टाका, झाडं आणि बोगदे काय करायचं ते करू देत. बॅटरीचंही तेच गणित, इनो नवा असताना लाइव्ह 5 तास आणि रेकॉर्ड केलेलं 15 तास चालेल असं कंपनी सांगायची, कारण लाइव्हमध्ये रिसीव्हर सतत जागा असतो. जुन्या बॅटरीवर हे आकडे विसरा, फुगलेली दिसली तर चार्जही करू नका, सरळ बदला.

नेटवर्क असलेल्या शहरात फोनवरचं ॲप या सगळ्याहून सोपं पडतं हे खरंच आहे. युटा-वायोमिंगकडे कॅम्पिंगला गेलात, फोन मेला आणि दक्षिणेकडे मोकळं माळरान पसरलंय, तिथे मात्र हा सेट पिकनिक टेबलावर ठेवून बघा. रेकॉर्डिंगच्या बाबतीत एक अट लक्षात असू द्या, ते सेटमधून काढून कॉम्प्युटरवर नेता येत नाही. 2006 साली रेकॉर्ड कंपन्यांनी एक्सएमला याच रेकॉर्डिंगवरून कोर्टात खेचलं होतं. सबस्क्रिप्शन बंद केलं की साठवलेलंही वाजायचं थांबतं, तेव्हा एखादा कार्यक्रम जपून ठेवायचाच असेल तर हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून दुसऱ्या रेकॉर्डरवर उतरवून घ्या, आणि तेही सबस्क्रिप्शन चालू असतानाच.