बाळाचं सगळं ‘नैसर्गिक’ करायला निघालात? मग या चुका टाळा

सांगलीत बाळाचे कपडे शिवण्याचं माझं काम. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, लंगोट. पूर्वी बाळंतविडा न्यायला आज्या यायच्या. आता सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुली स्वतःच येतात, हातात मोबाइल आणि मोबाइलात यादी. बांबूचे डायपर, लाकडी खेळणी, ऑर्गॅनिक मलमल, धुण्यासाठी रिठा. हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही आहे, की त्यातलं निम्मं सामान पुढे पिशवीत भरून माझ्याकडेच येतं, ‘काकू, कुणाच्या उपयोगी पडत असेल तर द्या’ म्हणून. आणि चुका दर वेळी त्याच त्या.

पहिली चूक ती यादीच. जी वस्तू नव्यानं विकत घेतलीच नाही, तिचं पर्यावरणावर ओझंही नाही. हे मी म्हणतेय, जिचं घर नव्या कपड्यांवर चालतं! जावेच्या पोराची झबली मागून घ्या. आजोबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, आजीचं सुती लुगडं फाडून लंगोट करा. जुनं सुती कापड पहिल्या दिवसापासून पाणी पितं. नव्या कापडात खळ असते, कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो. कढत पाण्याची चार-पाच धुणी झाल्यावरच ते नीट शोषायला लागतं. दुसऱ्याच दिवशी ‘काकू, तुमचा लंगोट गळतोय’ असा फोन करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी.

लंगोट धुणार कोण, हे न ठरवणं

कापडी लंगोट घ्यायचं ठरतं तेव्हा घरात कापडावर चर्चा होते, किमतीवर होते, कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावर तर भांडणं होतात. धुण्याचा विषय कुणी काढत नाही.

विश्रामबागेतलं एक जोडपं. दोघंही शिकलेले, हुशार. बाळ जूनमधलं. वडिलांनी भरपूर वाचून आत जाड पॅड असलेले दोन डझन लंगोट ऑनलाइन मागवले. धुण्याची पावडर ‘केमिकल’ म्हणून बाद. त्याऐवजी रिठ्याचं पाणी आणि वरून कडुलिंबाचा पाला. वीज वाचावी म्हणून मशीन गार पाण्यावर. जुलैत ऊन पडेना, तेव्हा बेडरूममध्ये दोऱ्या बांधून पंख्याखाली वाळवण. असलं पाच पदरी पॅड वरून हाताला कोरडं लागतं, आतली ओल तशीच राहते. ऑगस्टात बाळाला घेऊन दोघं दुकानात आले ते वैतागूनच. बाळाच्या जांघा लालभडक, आणि सकाळी लंगोट सोडला की डोळ्यांत पाणी येईल असा वास. ‘याला सुती सोसतच नाही,’ हा निकाल घरूनच लावून आले होते.

मी त्यांच्या पिशवीतलं एक ‘धुतलेलं’ पॅड उचललं आणि मागच्या मोरीत कढत पाण्याच्या बादलीत सोडलं. पाणी गढूळ झालं आणि वास पार काउंटरपर्यंत आला. रिठ्याला फेस येतो, पण त्याची ताकद बेताची. रेशमी साडीला, लोकरीला उत्तम. बाळाच्या शी-शूला तो पुरत नाही. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. मळ पॅडात राहिला की जंतूही राहतात, आणि ते लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. डोळे चुरचुरतात ते त्यानं. बिचाऱ्या सुताचा यात काही दोष नव्हता.

मग मी विचारलं, रोज धुतं कोण? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाळाची आजी धूत होती. गुडघेदुखीची बाई, मोरीत पाटावर बसून आधी हातानं शी काढायची, मग मशीनला लावायची. पर्यावरण वाचवायचं ठरवलं या दोघांनी आणि भार आला तिच्या गुडघ्यांवर. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पुरळ बघून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पिटाळलं. जांघेच्या घडीत लालभडक आणि कडेनं सुटे ठिपके असतील, तर बहुतेक वेळा ती बुरशी असते. तिला औषधाचं मलमच लागतं. हळद-खोबरेल लावत आठवडा घालवू नका.

धुण्याची माझी पद्धत अशी. शी आधी संडासात. मग लंगोट गार पाण्यात खंगाळायचा, कारण पहिल्यांदाच कढत पाणी घातलं तर डाग पक्का बसतो. पिळून जाळीच्या टोपलीत टाकायचा. बादलीत भिजत ठेवायचा नाही. एक तर वास सुटतो, आणि दुसरं म्हणजे रांगतं पोर वीतभर पाण्यातही बुडू शकतं. दुसऱ्या दिवशी कढत पाणी आणि वास नसलेली साधी पावडर, तीही पूर्ण मापानं. पावडर अर्धी घातल्यानं काही वाचत नाही, उलट तेच कपडे दोनदा धुवावे लागतात. फॅब्रिक कंडिशनर कधीच नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी घेईनासं होतं. फेस जाईपर्यंत खंगाळायचं. प्लॅस्टिकचा थर असलेलं वरचं कव्हर उकळायचं नाही. पावसाळ्यात ती जाड पॅडं माळ्यावर टाकून मलमलीचे मोठे एकेरी चौकोन काढायचे. घडी घातली की पाच-सहा पदर होतात, वाळत घातलं की एकच. आज्या असेच लंगोट का वापरायच्या, ते जुलैत कळतं. उरलीसुरली ओल इस्त्रीनं घालवायची.

आणि हे धुणं बाळाच्या वडिलांकडे. यावर माझ्या दुकानात वाद चालत नाही.

पाऊस लागून राहिला, प्रवास आहे, रात्री बाळंतिणीला जरा झोप हवी आहे, तर खुशाल बाजारचा डायपर लावा. त्यानं कुणी पापी होत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ साली दोन्हींचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका मुलामागे बाजारच्या डायपरचा कार्बन निघाला साधारण ५५० किलो आणि कापडीचा ५७०. म्हणजे कापडी विकत घेतले आणि काम झालं, असं मुळीच नाही. पण मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे २०० किलोंनी कमी होतो. सगळी गंमत धुण्यात, वाळवण्यात आणि पुन्हा वापरण्यात आहे. मार्च ते मे आपल्याकडे जे ऊन पडतं ते फुकट आहे, तेवढं तरी वापरा.

कापडाचा आणखी एक गुण आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही. ओलं झालं की लगेच कळतं. पहिला आठवडा सरल्यावर दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर बाळाला दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. जाड डायपरात हे मोजताच येत नाही, मग ‘दूध येत नाही’ म्हणून घाबरून पावडरचा डबा घरात येतो.

जुन्या पाळण्याला घाईघाईत नवा रंग

कवठेमहांकाळकडच्या एका घरी बारशाची कुंची पोचवायला गेले होते. ओसरीवर पणजोबांच्या वेळचा लाकडी पाळणा. नवा न घेता जुना काढला म्हणून मला कौतुक वाटलं. जवळ गेले तर बाळाचा काका पॉलिश पेपरनं तो घासत होता. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल. रंगाची धूळ ओसरीभर आणि दोन हात अंतरावर बाळ घेऊन बाळंतीण बसलेली. बारसं परवावर आलेलं, म्हणून ही घाई.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम झाले २०१६ साली आणि लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात काय आहे, ते बघून सांगता येत नाही. कोरडं घासलं की शिसं धुळीत उतरतं, धूळ बाळाच्या हातावर बसते आणि हात तोंडात जातो. पुढे दात येताना तर पाळण्याचा कठडा हेच चावणं. शिशाचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो, आणि ‘एवढं चालतं’ असं त्याचं सुरक्षित प्रमाण नाही.

मी घासणं थांबवलं तर आजी फणकारल्या. ‘आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय? सगळी ह्याच पाळण्यात वाढली.’ वाढली, खरं आहे. पण तेव्हा कुणी बाळंतिणीला शेजारी बसवून रंग खरवडत नव्हतं. मग बाळ-बाळंतीण मागच्या खोलीत गेली, पाळणा गोठ्याच्या पलीकडे गेला, आणि ओसरी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. झाडणीनं झाडली असती तर सगळी धूळ पुन्हा उडाली असती. बारसं लुगड्याच्या झोळीत झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या तेवढ्याच जोरात म्हटलं गेलं.

जुना रंग धड असेल, पोपडे नसतील, तर त्याला हातच लावू नका. बाळ तोंड लावेल तो कठडा जाड सुती कापड घट्ट शिवून झाका. पोपडे सुटले असतील तर पाळणा शोभेला ठेवा. नवा करायचाच असेल तर सुतारालाच सांगा, रंग नको. विकतच्या खेळण्यांवर जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघा. जत्रेतलं चकचकीत लाकडी खेळणं ‘हातानं केलेलं आहे’ एवढ्यावर बाळाच्या तोंडात देऊ नका.

‘रानातलं आहे, त्याला काय होतंय?’

या वाक्यानं माझं डोकं फिरतं. मध-सोनं चाटवायचं, तर मध महाबळेश्वरजवळच्या मांघरचा असो नाहीतर स्वतःच्या बांधावरच्या पोळ्याचा, बाळ वर्षाचं होईपर्यंत नाही. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्या माणसाला ती काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. घरी उकळूनही मरत नाहीत. मध शुद्ध आहे की भेसळीचा, याचा इथे संबंधच नाही.

धुरीचं तेच. चुलीचा धूर वाईट म्हणून गॅस घेतला, आणि आता खोलीची दारं लावून निखाऱ्यांवर ओवा-वेखंड टाकून बाळाला त्या धुरात धरायचं? केस पंच्यानं पुसा, तेवढ्यानं सुकतात. गुटीत जायफळाचे वळसे किती, हे तर घरोघरी वेगळं. चार जास्त झाले की बाळ गुंगतं आणि सगळे म्हणतात, ‘कसं शांत झोपलंय!’ सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातल्या जतमध्येही नाही.

वरच्या खाण्यात हळद घालाल तेव्हा एक करा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपल्याच पोरी दुरून पिवळीजर्द सुटी पूड मागवतात. हळद पिवळी दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट लावण्याचे प्रकार झालेले आहेत, म्हणजे पुन्हा शिसंच. पॉलिश न केलेलं, मळकट दिसणारं हळकुंड घ्या आणि डोळ्यांदेखत दळून आणा.

बाकीच्यांना एकेक ओळ

नाकात, कानात तेल सोडू नका. नाकातलं फुप्फुसात उतरू शकतं. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी नको. कुठलीच उशी नको, बाळ पाठीवर निजवा. काजळ नको, घरी धरलेलंसुद्धा. वेखंडाची असो नाहीतर डब्यातली, पावडर श्वासात जाते. लव जाण्यासाठी डाळीचं पीठ खसाखसा चोळू नका, लव आपली आपण जाते. नाचणीला मोड आणलेत तर ती खडखडीत वाळल्याशिवाय दळू नका, ओल्या पिठाला बुरशी धरते. दोन दिवस थांबायला काय होतं? तासगावचा बेदाणा अख्खा देऊ नका, घशात अडकतो, शेंगदाण्याचंही तेच. ‘ऑर्गॅनिक’ गूळ हा गूळच असतो, वर्षापर्यंत साखर, गूळ, मीठ काहीच नको. बाटलीपेक्षा स्टीलची वाटी आणि चमचा बरा, उकळता येतो आणि नातवंडांपर्यंत टिकतो. लस ‘नैसर्गिक नाही’ म्हणून टाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, माता-बाल संरक्षण कार्ड काढून पुढची तारीख दाखवते.

वापरलेला डायपर कुठेही टाकणं

तोच रोल करून चिकटपट्टीनं बंद करायचा, शी आधी संडासात झटकून. मग वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळा बांधून घंटागाडीत. ओल्या कचऱ्यात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर नीट गुंडाळून सुक्याकडे द्या असं होतं, एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तो सॅनिटरी कचरा म्हणून वेगळाच द्यायचा आहे. तुमच्या गाडीला त्यासाठी वेगळा कप्पा असेल तर त्यात. संडासात सोडला तर आतली जेल पाणी पिऊन फुगते आणि पाइप तुंबतो. गावाकडे उकिरड्यावर जाळतात, तो प्लॅस्टिकचा धूर त्याच बाळाच्या नाकात जातो. घंटागाडी चुकली तर पिशवी घट्ट बांधून गच्चीवर ठेवा आणि उद्या द्या. स्कूटर पुलावर थांबवून कृष्णेत भिरकावणारे मी बघितलेत, आणि त्यांच्या डिकीत कापडी पिशवी असते.