एच मोटरचं पहिलं रॉकेट कसं बांधायचं

हाय-पॉवर रॉकेट उडवण्याचं पहिलं प्रमाणपत्र म्हणजे लेव्हल वन. त्याची परीक्षा एका ओळीत सांगता येते: रॉकेट उडवा, खाली आणा आणि ते पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत साक्षीदाराला दाखवा. लेखी पेपर नाही. मी पहिल्या खेपेला नापास झालो. रॉकेट वर मात्र झकास गेलं होतं.

हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली या दोन संस्था हे प्रमाणपत्र देतात. वय १८ पूर्ण हवं आणि दोन्हींपैकी एकीचं सभासदत्व हवं. मोटरचा एकूण आवेग, म्हणजे रेटा गुणिले तो टिकतो तो वेळ, १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला की ती हाय-पॉवर. १६० ते ३२० म्हणजे एच, ३२० ते ६४० म्हणजे आय. पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट. लेव्हल वनला एच आणि आय एवढीच परवानगी. पहिल्यांदा एचच घ्या. आय घेतलीत तर रॉकेट उंच जाईल, आणि मग ते शोधत तुम्हीही लांब जाल.

किट

चार इंच व्यासाची जाड पुठ्ठ्याची ट्यूब, प्लायवूडचे पंख आणि ३८ मिलिमीटरची मोटर बसेल अशी आतली नळी, असं किट निवडा. फायबरग्लास पुढच्या वर्षी. जाडजूड रॉकेट दिसायला बोजड वाटतं, पण ते हवेला अडतं, फार उंच जात नाही आणि शेवटपर्यंत डोळ्यांना दिसतं. माझं मोटरसकट सव्वा किलोच्या आसपास भरलं.

चिकटवणं

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेकिंग पेपर अंथरा, खिडकी उघडा, हातमोजे घाला. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी इथे कामाचं नाही. निदान अर्ध्या तासाचं घ्या. ट्यूबवर चकचकीत कागदाचा थर असतो, त्याला इपॉक्सी वरवर धरतं आणि नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून जिथे जिथे काही चिकटणार आहे तिथे पॉलिश पेपर मारून ती चकाकी पूर्ण घालवा. बोट फिरवल्यावर खरखरीत लागलं पाहिजे.

पंख ट्यूबच्या खाचेतून आत जातात आणि थेट मोटरच्या नळीला टेकतात. एका वेळी एकच पंख चिकटवा आणि तो सरळ आहे ना हे पुठ्ठ्याचा साचा कापून तपासा. मग गच्चीच्या कडेला गवंडी सिमेंटची गोलाई मारतो, तशी इपॉक्सीची गोलाई पंख आणि ट्यूबच्या सांध्यात द्या. आइसफ्रूटची काडी यासाठी उत्तम. एका वेळी एकच बाजू, रॉकेट आडवं ठेवून. सहा गोलाया म्हणजे तीन-चार संध्याकाळी जातात. जाऊ द्यात.

मोटर मागून घट्ट धरणारं फिरकीचं झाकण नक्की बसवा. नाहीतर पॅराशूट बाहेर फेकण्याऐवजी रॉकेट मोटरच बाहेर फेकतं.

तोल

दिवाळीतल्या बाणाची काडी मोडून पाहिली असेल तर हा भाग तुम्हाला ठाऊक आहे. काडी गेली की बाण शेजारच्या गॅलरीत. आपल्या रॉकेटला काडीचं काम पंख करतात. गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्राच्या पुढे, म्हणजे नाकाकडे, निदान एक व्यासभर असला पाहिजे. चार इंची रॉकेटला चार इंच. दाबाचं केंद्र ओपनरॉकेट नावाचा फुकट प्रोग्रॅम काढून देतो. गुरुत्वमध्य मात्र स्वतः शोधा: मोटर, पॅराशूट सगळं भरून रॉकेट दोरीच्या फासात आडवं टांगा आणि जिथे तोललं जाईल तिथे पेन्सिलने खूण करा. इपॉक्सी किती गेलं हे प्रोग्रॅमला माहीत नसतं.

मोटरचं नाव वाचणं

एच१२८डब्ल्यू घ्या. ही २९ मिलिमीटरची असते, ३८ च्या नळीत ती अडॅप्टर घालून बसवतात. एच म्हणजे आवेगाचा गट, १२८ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, डब्ल्यू म्हणजे पांढरी ज्योत आणि पांढरा धूर देणारं इंधन. रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा, असा मैदानावरचा ठोकताळा आहे. सव्वा किलोचं वजन साधारण १२ न्यूटन, म्हणजे आपण दहापटीवर आहोत. हवा थोडी असली तरी चालेल. ताशी २० मैलांपुढे वारा गेला तर मात्र उडवायचंच नाही, हा नियम आहे.

नावाच्या शेवटी येणारा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी नाकाची टोपी ढकलून पॅराशूट बाहेर काढणारा बार उडणार. तो शिखराच्या आसपास उडावा लागतो. माझ्या रॉकेटला प्रोग्रॅमने सातच्या आसपास सांगितलं, मोटर १४ ची होती. त्यासाठी छोटं छिद्रण-अवजार मिळतं, त्याने वेळ कमी करता येतो. मैदानावर कुणाला तरी शेजारी उभं करून हे करा.

मोटर घरी बनवायची नाही. भारतात सुट्टीवर जाताना ती सामानातही टाकायची नाही. प्रमाणपत्राच्या उड्डाणासाठीची मोटर मैदानावरच्या विक्रेत्याकडून, साक्षीदारासमोर घेता येते.

परत येणं

माझी चूक इथे झाली. पॅराशूट ३६ इंची होतं. सव्वा किलोला ते सेकंदाला सहा मीटरच्या आसपास उतरवतं, म्हणजे ठीक. टोपी आणि ट्यूब एकत्र ठेवणारी दोरी रॉकेटच्या लांबीच्या चौपट होती. बार उडतानाच्या गरम वायूने पॅराशूट वितळू नये म्हणून आग न धरणाऱ्या नोमेक्सचं फडकं गुंडाळलं होतं, घड्यांमध्ये टाल्कम पावडरही लावली होती. पण कॅलिफोर्नियातल्या ल्युसर्नच्या कोरड्या तळ्यावर सकाळी वारा सुटला, नाकाची टोपी सैल वाटली आणि घाबरून मी तिच्या खांद्यावर, म्हणजे ट्यूबमध्ये जाणाऱ्या भागावर, मास्किंग टेपचे आणखी दोन वेढे दिले.

वर गेलं. शिखरावर 'फट्' असा आवाज आला, धुराचा बारीक ठिपका दिसला आणि टोपी जागची हलली नाही. कुणीतरी "हेड्स अप" ओरडलं. सव्वा किलोचं रॉकेट नाकावर येऊन तळ्याच्या मातीत रुतलं. ट्यूब दुमडून निम्मी झाली होती.

टोपी किती घट्ट असावी, त्याची चाचणी मला नंतर तिथल्याच एका आजोबांनी दाखवली. टोपी धरून अख्खं रॉकेट उचला. वजन पेललं पाहिजे. मग हलकासा झटका द्या. रॉकेट सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर टेपचा एक वेढा काढा आणि पुन्हा. पॅराशूटही असं ठेवा की फुंकर मारली तर सरकेल. ठासून भरायची गोष्ट नाही ती.

मैदानावर

उड्डाणाचं कार्ड भरा. सुरक्षा अधिकारी पंख ओढून बघेल, रॉकेटला रेलमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या उभ्या दांड्याच्या खाचेत, धरणारी बटणं हलवून बघेल, मोटर कोणती ते विचारेल. मोटर पेटवणारा इग्नायटर रॉकेट रेलवर उभं केल्यावरच घालायचा, आधी नाही. मग १०० फूट मागे. बटण दाबून काहीच झालं नाही तर ६० सेकंद कुणीही जवळ जायचं नाही, कितीही चुटपूट लागली तरी.

दुसऱ्या खेपेला पॅराशूट उघडलं आणि वाऱ्याने रॉकेट अर्धा मैल नेलं. उन्हाची टोपी, पाणी आणि चिवड्याची पुडी घेऊन निघालो. परत आल्यावर आजोबांनी तिन्ही पंख एकेक करून वाकवून पाहिले, दोरी बोटांतून सरकवत शेवटपर्यंत तपासली आणि फॉर्मवर सही केली.