हार्वेस्टर शेडमध्ये लावण्याआधी एलेव्हेटरचं खालचं झाकण उघडा

कापणी संपली की माणूस थकलेला असतो. हार्वेस्टर तसाच भुसकटासकट शेडमध्ये जातो, वर ताडपत्री पडते आणि पुढच्या हंगामापर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मग पीक कापायला येतं, आभाळ भरून येतं आणि किल्ली फिरवली तर नुसता 'टक' आवाज. आत वायरींचा भुगा. मेकॅनिक येणार दोन दिवसांनी, पाऊस येणार आज रात्री. उभं पीक याच कारणाने आडवं झालेलं मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय. लोक वायरिंगच्या खर्चावरून हळहळतात. वायरिंग बदलता येतं हो. पीक गेलं त्याचं काय?

अशा प्रत्येक यंत्राच्या एलेव्हेटरची, म्हणजे दाणा वर टाकीत चढवणाऱ्या नळकांड्याची, खालची झाकणं उघडून बघितली, की आत मागच्या हंगामातला दाणा निघतो. त्यात लेंड्या, चिंध्या आणि मुताचा उग्र वास.

उंदीर वायर खायला येत नाही. तो दाण्यासाठी येतो आणि दाणा संपेपर्यंत मुक्काम करतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, मोठ्या जातीच्या उंदराचे तर वर्षाला 10 सेंटिमीटरहून जास्त. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. शेजारून वायर गेली असेल तर वायर, डिझेलची नळी गेली असेल तर नळी. हल्लीच्या वायरींचं आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर लागतात, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या साध्या प्लॅस्टिकच्या वायरीही उंदरांनी तितक्याच आवडीने तोडलेल्या आहेत.

आता एक साधा हिशेब. घरात दिसतो तो लहान जातीचा उंदीर दिवसाला साधारण 3 ग्रॅम दाणा खातो. एलेव्हेटरच्या तळाशी 1 किलो दाणा राहिला, तर एका उंदराची जवळजवळ वर्षभराची सोय झाली. दाण्यात थोडा ओलावा असेल तर त्याला वेगळं पाणीही फारसं लागत नाही. मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं सहा आठवड्यांत वयात येतात. यंत्र चार महिने बंद राहणार असेल तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

आणि हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. शेतं मोकळी झाली की बांधातल्या उंदरांचा आडोसा आणि चारा एकदमच जातो आणि ते जवळच्या शेडकडे सरकतात. त्यात एखादा जोरदार पाऊस झाला, बिळांत पाणी शिरलं, की एका रात्रीत आत येतात. कापणीची शेवटची फेरी झाली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, यंत्र रिकामं व्हायला हवं.

रिकामं म्हणजे कसं, ते नीट सांगतो, कारण चूक इथेच होते. धान्याची टाकी झाडली की हार्वेस्टर रिकामा झाला असं बहुतेकांना वाटतं. टाकीत खरं तर सगळ्यात कमी दाणा उरतो. तो उरतो एलेव्हेटरच्या बुडाशी, न मळलेली कणसं पुन्हा मळणीकडे नेणाऱ्या परतीच्या एलेव्हेटरमध्ये, टाकी रिकामी करणाऱ्या स्क्रूच्या खालच्या पन्हाळीत, दगड पकडायच्या कप्प्यात, चाळण्यांच्या कोपऱ्यांत आणि कटरबारमागच्या, म्हणजे पीक कापणाऱ्या पात्यांच्या पट्टीमागच्या, पत्र्याखाली. आधी यंत्र शेतातच मोकळ्यावर पाच-दहा मिनिटं रिकामं फिरवा, पंखा पूर्ण वेगात ठेवा. मग इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला आणि सगळे फिरते भाग थांबले की खालची झाकणं उघडा. किल्ली खिशात, हे गमतीने म्हणत नाही. आत हात असताना दुसऱ्याने यंत्र सुरू केल्यामुळे बोटं गेलेली माणसं मला माहीत आहेत. वरून खाली, पुढून मागे, कंप्रेसरच्या हवेने फुंकत या. हवा मारल्यावर पुन्हा एकदा इंजिन सुरू करून यंत्र रिकामं फिरवा. दाणा पुन्हा पडेल. पडतोच. अंगावर उडतो म्हणून पाण्याचा पाइप लावू नका. ओला दाणा पत्र्याला चिकटतो, कुजतो आणि गंजही चढतो.

साफ झाल्यावर ही झाकणं बंद करायची की उघडी ठेवायची, यावर दोन मतं आहेत. मी उघडी ठेवतो. आत अंधार राहत नाही, ओल कोंडत नाही आणि चुकून राहिलेला दाणा खाली जमिनीवर पडून डोळ्यांना दिसतो.

हार्वेस्टर नसेल तरी हा नियम चुकत नाही. पेरणी यंत्राच्या पेटीत मूठभर बियाणं, ट्रॉलीच्या फळ्यांच्या फटीत धान्य, पिकअपच्या सीटमागे जनावरांच्या खाद्याची अर्धी गोणी, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये शेंगदाण्याची पुडी. औषध लावलेलं बियाणं पेटीत उरलं असेल तर ते कोंबड्यांपुढे टाकू नका, लेबलवर सांगितल्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा.

उभं करताना:

- भिंतीपासून निदान एक मीटर लांब, पेंढ्याच्या गंजीपासून जमेल तितकं दूर
- सीटखालच्या चिंध्या, गोणपाट, जुने हातमोजे बाहेर
- बॅटरी सोडवणं, आधी ऋण टोक
- डिझेलची टाकी भरलेली, टोपण घट्ट
- केबिनच्या काचा पूर्ण बंद
- शेडमध्ये गळका नळ, पाण्याचं उघडं भांडं नको. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं

फटी बुजवायच्या तर एक साधी कसोटी आहे. पेन्सिल जिथून आरपार जाते तिथून लहान उंदीर जातो. त्याला 6 मिलिमीटरची फट पुरते, कारण डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतंच. एअर क्लीनरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड आणि केबिनच्या ब्लोअरला हवा घेणारी जाळी, या तीन जागा मी कधीच सोडत नाही. तिथे 6 मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी तारेने बांधा. फोम किंवा कापडाचा बोळा कोंबून उपयोग नाही, तो बोळाच उंदराच्या घरट्याचा कापूस होतो. काय काय बंद केलं त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, नाहीतर सुरू करायच्या दिवशी सायलेन्सरमधली जाळी हमखास विसरते.

एअर क्लीनरचं वेगळं सांगायला हवं, कारण ते नुकसान लगेच दिसत नाही. उंदराने कागदी फिल्टरला भोक पाडलं तरी इंजिन सुरू होतं, कामही करतं. मात्र हंगामभर शेतातली धूळ थेट सिलिंडरमध्ये जात राहते. रिंगा झिजतात, इंजिन ऑइल खायला लागतं, निळा धूर येतो. तोवर कुणाला उंदीर आठवत नाही.

आता दुकानात काय काय गळ्यात मारतात ते. आवाज सोडणारी यंत्रं आधी. माणसाला ऐकू न येणारा तो आवाज पत्र्याआड आणि सीटआड पोचत नाही, आणि उंदरांनाही थोड्या दिवसांत त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय आधार हवा. तरी खोकी बदलून माल येतच राहतो. वासाचे स्प्रे चार-आठ दिवसांत उडून जातात. डांबरगोळ्यांनी उंदीर हटत नाही, मात्र बंद केबिनमध्ये त्यांची वाफ साठते आणि पहिल्या दिवशी डोकं चालकाचं दुखतं. मिरचीचा तिखटपणा असलेली टेप मिळते, होंडासारख्या कंपनीनेही ती विकली आहे. एखादी उघडी पडलेली वायर गुंडाळायला ती ठीक आहे, सगळं यंत्र काही तिने गुंडाळता येत नाही. एका विक्रेत्याने मला स्प्रे, गोळ्या आणि आवाजाचं यंत्र असा जोडसंच दिला होता. चार महिन्यांनी त्या आवाजाच्या यंत्राचीच वायर तोडलेली निघाली. दोष माझाच, आत दाणा होता.

चाप मात्र स्वस्त आणि खरा. तो भिंतीला काटकोनात लावा, आमिषाची बाजू भिंतीकडे. लहान उंदरांसाठी दोन-तीन मीटरवर एक, मोठ्यांसाठी पाच-सहा मीटरवर एक. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू लगेच हुंगायला येतो. मोठा उंदीर नव्या वस्तूपासून दूर राहतो, म्हणून त्याच्यासाठी चाप तीन-चार दिवस न ताणता नुसतं आमिष ठेवा, खायला लागला की मग ताणा. चिकट पट्ट्या धुळीच्या शेडमध्ये दोन दिवसांत निकामी होतात, शिवाय त्यावर पाली आणि चिमण्याही अडकतात.

विष यंत्राच्या आत कधीही ठेवू नका. उंदीर ब्लोअरच्या नळीत जाऊन मरतो आणि मग केबिनमध्ये बसवत नाही. शेडबाहेर जिवंत बिळं दिसली तरच विषाचा विचार करा. शिफारस अशी आहे: 96 भाग भरडलेलं धान्य, 2 भाग खाद्यतेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड. आधी दोन-तीन दिवस विषाविना तेच आमिष, मग विषारी आमिष दर बिळाला 10 ग्रॅम, बिळाच्या आत खोल. हातमोजे घाला, काठीने कालवा, पाणी लागू देऊ नका. त्यातून निघणारा वायू माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. जो उंदीर वाचतो तो त्या चवीकडे पुन्हा फिरकत नाही, म्हणून त्याच हंगामात दुसऱ्यांदा घालून फायदा नाही. दुसरा पर्याय 0.005 टक्के ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या. त्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो आणि त्यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे. दोन्हींच्या बाबतीत लेबल आधी वाचा. मुलं, कुत्री, मांजरं लांब ठेवा, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावू शकतं, आणि शेडजवळचं गव्हाणी घुबड कुठल्याही वडीपेक्षा जास्त उंदीर मारतं.

पुढच्या दोन गोष्टींना माझ्या अनुभवापलीकडे पुरावा नाही. ट्रॅक्टरचं बॉनेट मी उघडं ठेवतो. उजेड आणि वारा खेळता राहिला की घरटं बांधायचं धाडस कमी होतं, असं मला दिसलंय. आणि चाकांभोवती जमिनीवर खडूची भुकटी पसरतो. सकाळी पावलं दिसली की उंदीर कुठून चढतो ते कळतं, मग चाप कुठे लावायचा ते कुणाला विचारावं लागत नाही.

बंद काळात:

- आठवड्याला एक फेरी, टॉर्च घेऊन
- लेंड्या बघणं: 3 ते 6 मिलिमीटर म्हणजे लहान उंदीर, 12 मिलिमीटरच्या पुढे म्हणजे मोठा
- जुन्या लेंड्या काढून टाकणं, म्हणजे नव्या ओळखता येतील
- झाकणांखाली पडलेला दाणा उचलणं
- जाळ्या जागेवर आहेत का

आठवड्याला इंजिन पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात. एवढ्याने इंजिन धड तापतही नाही आणि थंडीत उंदराला कोमट जागा मात्र मिळते. चालवायचं तर पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि यंत्र दोन-चार मीटर हलवून उभं करा.

घरटं सापडलं तर झाडू मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि कोरड्या धुळीतून हंतासारखे विषाणू श्वासात जाऊ शकतात. दारं उघडून अर्धा तास वारा येऊ द्या. हातमोजे आणि मास्क घाला. 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी असं द्रावण घरट्यावर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, ओल्या कपड्याने उचला, पिशवीत बांधा. वायरींच्या जोडांवर हे द्रावण जाऊ देऊ नका.

सुरू करायच्या दिवशी घाई होते, म्हणून पहिली पाहणी कापणीच्या निदान पंधरा दिवस आधी करा. तोडलेली वायर सापडली तरी मेकॅनिकला वेळ मिळतो. चिठ्ठी वाचून जाळ्या काढा. एअर फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरा. डिझेलच्या, हायड्रॉलिकच्या आणि ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवा, दातांचे व्रण बोटाला आधी लागतात. एक्झॉस्टजवळ सुकं घरटं राहिलं असेल तर इंजिन तापल्यावर ते पेट घेतं, तिथे टॉर्च मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालची झाकणं बंद करा. बॅटरीचं ऋण टोक सगळ्यात शेवटी जोडा आणि जोडताना मोठी ठिणगी उडाली किंवा जळका वास आला तर लगेच सोडवा, आत कुठेतरी दोन वायरी उघड्या होऊन भिडल्या आहेत. पहिली दहा मिनिटं यंत्र शेडबाहेर, मोकळ्यावर चालवा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.