कंपोझिटच्या सिम्युलेशनमध्ये या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे सिम्युलेशन (संगणकावरचे पूर्वगणित) हाताळलेला अभियंता जेव्हा काचतंतू किंवा कार्बनतंतूंचे कापड रेझिनमध्ये बांधून केलेल्या कंपोझिटकडे वळतो, तेव्हा साचा भरण्याचे जुनेच गणित इथेही चालेल, असे तो सहज धरून चालतो. वितळलेला धातू मोकळ्या पोकळीत वाहतो. रेझिन, म्हणजे तंतूंना बांधून नंतर घट्ट होणारे द्रव, मात्र कापडाच्या दाट थरांतून झिरपते आणि सच्छिद्र पदार्थातील प्रवाहाचा, १८५६ साली मांडलेला डार्सीचा नियम पाळते. त्यामुळे दाब कायम ठेवून रेझिन एका टोकाने सोडले, तर लांबी दुप्पट होताच भरण्याचा वेळ चौपट होतो.

व्हॅक्यूम इन्फ्यूजनमध्ये, म्हणजे कापडावर बॅग घालून आतली हवा पंपाने काढण्याच्या पद्धतीत, रेझिनला ढकलतो तो वातावरणाचा दाब. सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीचा १०१ किलोपास्कल हा आकडा अनेकदा तसाच राहून जातो. बेळगाव मात्र सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथे जेमतेम ९२ ते ९३ किलोपास्कल मिळतात, म्हणून प्रत्यक्ष वेळ नऊ-दहा टक्क्यांनी वाढतो. गेजचा काटा या आकड्यापुढे सरकत नाही, एवढ्यावरून बॅग गळते असे मानू नये. पंपाकडची नळी बंद करून काटा किती उतरतो ते पाहावे. गळतीची खरी परीक्षा तीच.

रेझिनचा दाटपणा तक्त्यातून न घेता त्या दिवशीच्या तापमानाला मोजावा, कारण जानेवारीतली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यांत तो फार बदलतो.

बरेच भाग वाया जातात ते कडेच्या फटीमुळे, आणि नेमकी तीच मॉडेलमध्ये नसते. कापड कडेला केवळ एक मिलिमीटर आखूड कापले गेले, तरी त्या फटीची पारगम्यता (द्रव आतून जाऊ देण्याची क्षमता) नेहमीच्या कापडाच्या शेकडो पट असू शकते. रेझिन कडेने धावत व्हेंटपर्यंत (हवा बाहेर काढण्याच्या तोंडापर्यंत) पोहोचते आणि मधला भाग कोरडाच अडकतो, तर पडद्यावर मात्र प्रवाहाची आघाडी सरळ दिसत राहते. म्हणून कडेची पट्टी वेगळा विभाग म्हणून दाखवावी, फट एका कडेला, दोन्ही कडांना आणि कोपऱ्यात धरून मॉडेल पुन्हा चालवावे, आणि या सर्व स्थितींत जिथे रेझिन शेवटी पोहोचते ते पाहूनच व्हेंटची जागा ठरवावी.

काटकोनी भाग साच्यातून काढल्यावर कोन थोडा मिटलेला आढळला, तर दोष लगेच साच्याला देऊ नये. थंड होताना भाग जाडीच्या दिशेने तंतूंच्या दिशेपेक्षा अधिक आकसतो, म्हणून कोन मिटतो, आणि रेझिन घट्ट होतानाचे आकुंचन वगळून केलेले गणित हा फरक कमीच दाखवते.