कृत्रिम केस डोक्यात रोवून घेण्यापूर्वी आणि रोवून घेतल्यानंतर

‘केस बसवून देतो’ या एकाच आश्वासनाखाली तीन निरनिराळे उपाय खपवले जातात. पहिला विगचा किंवा पॅचचा. तो त्वचेवर चिकटवतात आणि हवा तेव्हा काढता येतो. दुसरा हेअर ट्रान्सप्लांटचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातील स्वतःचे केस मुळांसकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावण्याचा. तिसरा उपाय म्हणजे कारखान्यात तयार झालेला तंतू एकेक करून डोक्याच्या त्वचेत रोवणे, आणि हे मार्गदर्शन फक्त त्याबद्दल आहे. पहिल्या भेटीत तंतूचे नाव आणि तो कोणत्या पदार्थाचा आहे, हे लेखी मागावे. उत्तर देताना समोरचा माणूस ट्रान्सप्लांटचे गुण सांगू लागला, तर तिथेच सावध व्हावे.

दोन्हींतला फरक मुळाचा आहे. ट्रान्सप्लांटमध्ये लावलेला केस जिवंत असतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, गळतो आणि त्याच मुळातून पुन्हा येतो. कृत्रिम तंतू पॉलिअमाइड किंवा पॉलिएस्टरसारख्या प्लास्टिकचा असतो. तो वाढत नाही, पांढरा होत नाही आणि एकदा तुटला की त्याच्या जागी दुसरा उगवत नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट एकच, पण ती लहान नाही : परिणाम त्याच दिवशी दिसतो. ट्रान्सप्लांटचे केस नीट दिसायला कित्येक महिने जातात, शिवाय मागच्या भागात पुरेसे केस असावे लागतात, आणि ज्यांच्याकडे ते नसतात अशांनाच मुख्यतः हा तिसरा उपाय सुचवला जातो.

या उपायाचा इतिहास निर्णय घेण्याआधी माहीत असणे आवश्यक आहे. 1970 च्या दशकात असे तंतू मोठ्या प्रमाणावर रोवले गेले, आणि पू होणे, गाठी येणे, व्रण राहणे अशा तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1983 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. ती आजही कायम आहे, आणि त्या बंदीच्या व्याख्येत प्रक्रिया करून रोवलेला मानवी केससुद्धा येतो. तेव्हा ‘आमचे तंतू खऱ्या केसांचे आहेत’ हे सांगणे धोक्यातून सुटल्याचा पुरावा ठरत नाही. पुढे तंतूंचा पदार्थ आणि रोवण्याची पद्धत सुधारली आणि युरोपसह काही ठिकाणी वैद्यकीय साधन म्हणून त्यांना मान्यता मिळाली. म्हणून आपण जिथे राहतो तिथल्या नियामक संस्थेची नेमकी कोणत्या तंतूला परवानगी आहे, हे केंद्राच्या माहितीपत्रकावरून न ठरवता स्वतः तपासावे.

त्रास का होतो, हे समजले की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप उलगडतात. नैसर्गिक केसाभोवती त्वचा आत वळून एक बंद पिशवी तयार करते, आणि त्या पिशवीमुळे बाहेरचे जंतू खोलवर पोहोचत नाहीत. तंतूला अशी पिशवी नसते. त्याचे एक टोक हवेत आणि दुसरे टोक कवटीवरच्या चिवट आवरणाखाली अडकवलेले असते. मध्ये त्वचेला एक बारीक छिद्र कायमचे उघडे राहते. भिंगातून पाहिल्यास तंतूच्या बुंध्याशी पिवळसर, मेणासारखी खुंटी दिसते : त्वचेचा तेलकट स्राव आणि मृत पेशी तिथे साठतात, आणि ती वेळेवर काढली नाही तर छिद्र रुंदावते व त्यात जंतू वाढतात. शरीरही बाहेरची वस्तू ओळखते आणि तिच्याभोवती दाहाची भिंत उभी करते. हा दाह महिनोनमहिने चालला तर शेजारच्या खऱ्या केसांची मुळेही व्रणात गाडली जातात, म्हणजे होते तेही केस जातात.

म्हणून पहिली पायरी तंतू निवडण्याची नाही, निदानाची आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडून केस का गळतात हे आधी ठरवून घ्यावे. थायरॉइडचा दोष, लोहाची कमतरता किंवा मोठ्या आजारानंतरची गळती उपचाराने थांबू शकते, आणि आनुवंशिक टकलासाठी मिनॉक्सिडिल, तसेच पुरुषांसाठी फिनास्टराइड, ही औषधे अनेक वर्षे वापरात आहेत. चाई चालू असताना, डोक्यात सोरायसिस, बरा न होणारा तेलकट कोंडा किंवा वारंवार पुळ्या येत असताना, मधुमेह आटोक्यात नसताना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असताना किंवा जखमेचा व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असताना हा उपाय करू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी सांगावीत. आणखी एक अपात्रता तपासणीत सापडत नाही, ती आपली आपणच ओळखावी लागते : ज्याला दर काही महिन्यांनी तपासणीला जाणे जमणार नाही, त्याने यात पडू नये.

दुसरी पायरी चाचणीची. टकलाच्या एका छोट्या भागात शंभराच्या आसपास तंतू रोवून किमान चार आठवडे थांबतात. लालसरपणा, खाज, स्राव किंवा असाधारण गळती दिसली नाही, तरच पुढे जातात. चार आठवडे हा किमान काळ आहे. काही प्रतिक्रिया त्यानंतर उमटतात, त्यामुळे माझ्या मते दोन-तीन महिने थांबणेच शहाणपणाचे, आणि चाचणीशिवाय एका बैठकीत पूर्ण डोके भरून देणाऱ्या केंद्राची पायरी चढूच नये. छायाचित्रे दाखवली जातील. रोवण्याच्या दिवशीचे छायाचित्र जवळजवळ नेहमीच सुंदर असते, त्यामुळे त्याच माणसाचे दोन वर्षांनंतरचे छायाचित्र मागावे.

प्रत्यक्ष रोवण्याच्या दिवशी त्वचा निर्जंतुक करून इंजेक्शनने बधिर केली जाते. तंतूच्या टोकाला बारीक फासा असतो. आकड्यासारखे टोक असलेल्या सुईने तो पकडून कवटीवरच्या आवरणाखाली नेतात आणि सुई मागे घेतली की फासा तिथे अडकून राहतो. हे काम एकेका तंतूने चालते, म्हणून एका बैठकीत काही शेकडे तंतूच रोवावेत आणि पुढची बैठक आधीची जागा शांत झाल्यावरच घ्यावी. घनतेचा आग्रह धरू नये : छिद्रे जितकी जवळ, तितका दाह एकमेकांत मिसळण्याचा धोका अधिक. कपाळावरची पहिली रेषही अगदी पुढे ओढू नये, कारण तिथे प्रत्येक बुंधा उघडा दिसतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी सूज आणि लाली येणे अपेक्षित असते. दिलेली प्रतिजैविके ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावीत, डोके कधी धुवायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि निदान दोन आठवडे घाम आणणारा व्यायाम, पोहणे, धूळ आणि कडक ऊन टाळावे. त्यानंतर सौम्य शाम्पूने, बोटांच्या पेरांनी, नखे न लावता नियमित धुवावे. न धुतलेल्या डोक्यात ती मेणासारखी खुंटी लवकर साचते. तेल, जेल आणि मेण बुंध्याशी लावू नये. विंचरताना रुंद दातांची फणी टोकांकडून मुळाकडे, थोडी थोडी वर नेत वापरावी. उष्णतेने तंतू वाकतो आणि वाकलेला तंतू सरळ होत नाही, म्हणून केस सरळ करण्याचे यंत्र पूर्ण वर्ज्य आणि ड्रायर फक्त थंड हवेचा. रंग आणि ब्लीच तंतूवर लावू नयेत. स्वतःचे केस पांढरे होत जातील तसा रंगातला फरक उघडा पडेल, याची कल्पना आधीच असावी.

केस कापायची वेळ मात्र सर्वांत नाजूक. खरे केस महिन्याला वाढतात आणि तंतू तेवढेच राहतात, त्यामुळे दर वेळी खऱ्या केसांना तंतूंच्या लांबीपर्यंत आणावे लागते. कापणाऱ्याला खुर्चीत बसण्यापूर्वी हे स्पष्ट सांगावे, रोवलेली जागा बोटाने दाखवावी आणि मशीन तिथे फिरवू देऊ नये. चुकून आखूड कापला गेलेला तंतू कायमचा आखूड राहतो.

खर्चाचा हिशेब पहिल्या बैठकीवर थांबवू नये. दर वर्षी साधारण 10 ते 20 टक्के तंतू तुटतात किंवा निघून जातात. वर्षाला 15 टक्के धरले, तर 1000 तंतूंतले तीन वर्षांनी 614 च्या आसपास उरतात. म्हणजे भर घालण्याचा, तपासणीचा आणि खुंट्या काढून घेण्याचा खर्च जोवर तंतू आहेत तोवर चालू राहतो.

सूज उतरल्यावर पुन्हा लाली आली, एखाद्या ठिकाणी ठणका लागला, पू दिसला, कडक गाठ हाताला लागली किंवा खाज आठवडाभर थांबली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरात पडलेले स्टेरॉइडचे मलम लावून पाहू नये. त्याने लाली दबते आणि आतला संसर्ग वाढत राहतो. त्रास देणारा तंतू चिमट्याने स्वतः ओढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तो मध्येच तुटला तर फासा आत राहतो, वर धरायला काही उरत नाही आणि मग तो तुकडा चीर देऊन काढावा लागतो. त्यामुळे पहिला तंतू रोवण्यापूर्वीच सगळे तंतू काढायची वेळ आली तर ते कोण काढेल, कसे काढेल आणि त्याचे पैसे कोण देईल, हे लेखी घ्यावे, आणि तंतूच्या पाकिटावरचा उत्पादन क्रमांक आपल्या कागदांत जपून ठेवावा. काढण्याची वेळ आली तेव्हा डॉक्टर बदललेले असले, तरी डोक्यात नेमके काय आहे ते नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.