डॉक्युमेंटेशनमधली स्पेलिंगची चूक: दुरुस्ती थेट मूळ फाइलमध्ये

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चुकीचं स्पेलिंग दिसलं की आधी मेन ब्रँच, म्हणजे प्रकल्पाची सध्याची मुख्य प्रत, बघा. संकेतस्थळावर बऱ्याचदा जुन्या आवृत्तीची पानं असतात आणि चूक तोवर दुरुस्त झालेली असते. उघड्या पुल रिक्वेस्टमध्येही (इतरांनी पाठवलेल्या, अजून न स्वीकारलेल्या बदलांमध्ये) तो शब्द शोधा.

मग मूळ मजकूर कुठे आहे ते हुडका. रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींचा साठा) क्लोन करून, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवून, 'गिट ग्रेप' या शोधाच्या कमांडने चुकीचा शब्द शोधला की तो कुठेकुठे आहे ते कळतं. बरीच पानं मार्कडाउन किंवा आरएसटी (साध्या मजकुरात खुणा करून लिहायच्या दोन पद्धती) फाइलमधून तयार होतात. फंक्शनच्या माहितीचं पान असेल तर मजकूर बहुधा कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमध्येच, म्हणजे फंक्शनसोबत लिहिलेल्या वर्णनातच, असतो. तयार झालेली एचटीएमएल फाइल दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पुढच्या बिल्डला, म्हणजे पानं पुन्हा तयार होताना, चूक परत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही खरंच चूक आहे का? वाचक कोणत्या पानावरून आला ते सांगणाऱ्या, एचटीटीपीमधल्या 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते तसंच गेलं आणि आज सगळे ब्राउझर, सर्व्हर तेच वापरतात. युनिक्सच्या 'क्रिएट' सिस्टिम कॉलमध्येही शेवटचा ई नाही. अशी नावं, कमांडचे पर्याय, कॉन्फिगरेशनमधल्या की 'सुधारल्या' तर वाचणारा ते कॉपी करणार आणि त्याचं काम अडणार. ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगचा फरक ही चूक नव्हे, प्रकल्पाची शैली पाळा. दुसऱ्या प्रकल्पातून जशाच्या तशा आणलेल्या फोल्डरला हात लावू नका, ती दुरुस्ती त्या मूळ प्रकल्पातच व्हायला हवी.

एक चूक सापडली तर आणखी असणारच. त्यासाठी 'कोडस्पेल' हे स्पेलिंग तपासणारं साधन चांगलं. ते पूर्ण शब्दकोश न वापरता नेहमीच्या चुकांची यादी वापरतं, त्यामुळे तांत्रिक शब्दांवर फारसं अडत नाही. पहिल्यांदा डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरवर ते नुसतं चालवा. फाइल, ओळ आणि सुचवलेला शब्द समोर येतो. थेट फाइलमध्ये बदल लिहिणारा पर्याय यादी डोळ्यांखालून घातल्यावरच लावा. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडलं असेल तर मात्र हे साधन गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. तिथे वाचण्याला पर्याय नाही.

शीर्षकात बदल करताना जपून. मार्कडाउनमध्ये शीर्षकावरूनच अँकर (त्या विभागाचा लिंकमधला पत्ता) बनतो, म्हणून शब्द बदलला की त्या विभागाकडे येणाऱ्या लिंक तुटतात. जुना अँकर आधी शोधा आणि त्या लिंकही बदला. आरएसटीमध्ये एक अक्षर वाढलं तर शीर्षकाखालची रेघही वाढवावी लागते. ती आखूड राहिली की पानं तयार करणारं स्फिंक्स हे साधन इशारा देतं, आणि इशाऱ्याला एरर मानणाऱ्या प्रकल्पात बिल्डच पडतं.

पीओ फाइलमध्ये (भाषांतरांच्या फाइलमध्ये) मराठी भाषांतर सुधारायचं असेल तर फक्त 'एमएसजीएसटीआर', म्हणजे भाषांतरित वाक्य, बदला. 'एमएसजीआयडी' म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य, ते कोडमध्ये आहे. तिथे एक अक्षर बदललं तरी सगळ्या भाषांतली ती ओळ 'फझी' (पुन्हा तपासायला हवी अशी) ठरू शकते आणि वापरणाऱ्याला इंग्रजी दिसू लागतं. भाषांतर करणाऱ्या सगळ्यांचं काम त्यामुळे वाढतं, तेव्हा अशी दुरुस्ती आधी विचारूनच करा.

कमिट करण्याआधी, म्हणजे बदलाची नोंद करण्याआधी, फरक दाखवणाऱ्या 'गिट डिफ' कमांडला 'वर्ड-डिफ' पर्याय लावून बघा. बदललेले शब्द तेवढेच दिसायला हवेत. एडिटरने ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढल्या असतील किंवा लाइन एंडिंग बदललं असेल, तर दोन अक्षरांच्या दुरुस्तीसाठी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि तपासणारा वैतागतो. एडिटरमधली ती सेटिंग बंद करून बदल पुन्हा करा.

कमिट संदेश छोटा ठेवा: कोणत्या पानावरचं स्पेलिंग दुरुस्त केलं, एवढं पुरे. बदल कसे पाठवायचे ते सांगणारी प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्युटिंग' फाइल वाचा. काही ठिकाणी कमिट संदेशात तुमच्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते, लिनक्स कर्नलमध्ये तर पॅच ईमेलने पाठवतात. स्पेलिंगच्या दुरुस्तीत वाक्यरचनेचे बदल मिसळू नका, त्यांवर चर्चा होते आणि साधी दुरुस्तीही लटकते. बदल सुचवले गेले तर त्याच ब्रँचवर पुश करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका.